घडाघडा वाचणे आणि समजणे

पावसाळ्यात सांगली परिसरातील वृत्तपत्रांतून आणि नदीकाठच्या गावांतील फलकांवरून जी सूचना वाचायला मिळते तिचा मासला साधारण असा असतो : 'कोयना धरणातून विसर्ग वाढविण्यात आला असून आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पाणीपातळी ४० फुटांकडे सरकत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी दक्षता घ्यावी.' या वाक्यात 'विसर्ग' हा एक शब्द सोडला तर अवघड असे काही नाही आणि चौथी-पाचवीतील मूल ते न अडखळता वाचून दाखवू शकते. मात्र ज्याला ते खऱ्या अर्थाने समजले त्याच्या मनात वाक्यात नसलेल्या कितीतरी गोष्टी एकाच वेळी जाग्या झालेल्या असतात. कोयनेचे धरण सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात आहे, कोयना नदी कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि तिथून ते पाणी सांगलीकडे येते. म्हणजे आज वर सोडलेले पाणी काही तासांनी खाली पोचणार आहे. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी नदीची पातळी मोजली जाते, तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये हाच आकडा ५७ फुटांच्या आसपास गेला होता. 'दक्षता घ्यावी' या गुळगुळीत सरकारी शब्दांचा अर्थ जनावरे सोडवावीत, धान्य माळ्यावर चढवावे, कागदपत्रे पिशवीत बांधावीत असा आहे. यांतले एकही वाक्य सूचनेत लिहिलेले नसते, ते वाचणाऱ्याने स्वतःच्या पदरचे घालायचे असते. आणि जो ते घालू शकत नाही त्याने सूचना वाचली असली तरी ती त्याच्यापर्यंत पोचलेली नसते.

छापील अक्षरे आणि मनात उभा राहणारा अर्थ यांमधील हे अंतर माणसाचे मन कसे ओलांडते, हा बोधात्मक मानसशास्त्राचा, म्हणजे लक्ष, स्मृती, भाषा, विचार या मनोव्यापारांचा प्रयोगांनी अभ्यास करणाऱ्या शास्त्राचा, गेल्या ५०-६० वर्षांतील एक महत्त्वाचा विषय आहे. या अभ्यासातून निघालेले निष्कर्ष महाराष्ट्रातील शाळांना आणि घरांना फार जवळचे आहेत, कारण मराठी वाचनाची एक खास अडचण त्यांतून नेमकी उलगडते. ती अडचण अशी की मराठीत न समजता वाचणे फार सोपे आहे आणि ते ऐकणाऱ्याच्या सहजासहजी ध्यानातही येत नाही.

१९८६ साली फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोन संशोधकांनी वाचनाविषयी एक साधे सूत्र मांडले. त्यांच्या मते वाचून समजणे हा दोन क्षमतांचा गुणाकार असतो. लिपीची उकल करून शब्द ओळखता येणे ही पहिली क्षमता आणि तीच भाषा कानांनी ऐकली असता समजणे ही दुसरी. इथे बेरीज नसून गुणाकार आहे, या एका गोष्टीतच सूत्राचे सगळे मर्म आहे. कारण बेरजेत एक संख्या शून्य असली तरी दुसरी उरते, गुणाकारात मात्र काहीच उरत नाही. ज्याला अक्षरे येत नाहीत पण भाषा उत्तम समजते त्याला वाचून काही कळणार नाही हे उघडच आहे. परंतु ज्याला अक्षरे अस्खलित येतात आणि मजकुराची भाषा समजत नाही त्याच्याही हाती तेवढेच, म्हणजे काहीही लागत नाही, ही गोष्ट मात्र सहसा विसरली जाते.

या गुणाकारातील पहिल्या क्षमतेबाबत देवनागरी लिपीची स्थिती इंग्रजीपेक्षा वेगळी आहे. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ इतका सैल आहे की मूल बरीच वर्षे शब्दागणिक अडत राहते, आणि अडले की शिक्षकाला कळते. मराठीत जसे लिहिले तसे वाचावे हा नियम बहुतांशी चालतो. 'चमचा' आणि 'चहा' यांतील च निराळे आहेत, शब्दाच्या शेवटचा अ बोलताना गळतो, असे काही अपवाद मराठी बोलणाऱ्या मुलाला फारसे शिकवावे लागत नाहीत. अर्थात लिपी पक्की व्हायला वेळ लागतो, कारण इथे २६ खुणांऐवजी व्यंजने, स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे मिळून शेकडो आकार ओळखीचे व्हावे लागतात. कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून सोनाली नाग यांनी २००७ साली दाखवून दिले की अशा अक्षरलिपीवर पूर्ण प्रभुत्व यायला प्राथमिक शाळेची बरीच वर्षे खर्ची पडतात. ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते आणि उच्चार मात्र नंतर होतो. डोळ्यांचा क्रम आणि जिभेचा क्रम यांतील ही उलटापालट वाचकाचा वेग कमी करते, असे ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांना हिंदी वाचकांच्या २००२ सालच्या अभ्यासात आढळले होते. एवढे असूनही एकदा बाराखडी आणि जोडाक्षरे हाताखाली आली की मराठी मूल समोर येईल तो मजकूर, मग ती गोष्ट असो, कीटकनाशकाच्या डब्यावरची सूचना असो की न्यायालयाची नोटीस असो, आवाजात उतरवू शकते. 'पोरगं घडाघडा वाचतंय' असे कौतुकाने म्हटले जाते ते याच टप्प्यावर, आणि नेमका इथूनच दुसऱ्या क्षमतेचा अभाव झाकला जाऊ लागतो.

हा अभाव परीक्षेतही झाकलेला राहू शकतो, हे पाहण्यासाठी एक मुद्दाम रचलेले निरर्थक वाक्य घ्यावे : 'खुमट भिरगूने तिरण्या वेळी तीन दोमळ्या लुमकल्या.' आता त्याखाली नेहमीच्या पद्धतीचे प्रश्न ठेवावेत. दोमळ्या कोणी लुमकल्या? खुमट भिरगूने. किती दोमळ्या लुमकल्या? तीन. केव्हा लुमकल्या? तिरण्या वेळी. विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळतात, कारण मराठीतील 'ने' हा प्रत्यय कर्ता दाखवतो आणि क्रियापदाचा शेवट स्त्रीलिंगी अनेकवचनी कर्माशी जुळतो, एवढे व्याकरण प्रत्येक मराठी मुलाच्या अंगात लहानपणापासून मुरलेले असते. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या शेजारचा शब्द उत्तरात उतरवायचा, हे कसब चांगल्या गुणांसाठी पुरते. 'भिरगूने दोमळ्या का लुमकल्या असतील?' किंवा 'त्या लुमकल्या नसत्या तर काय झाले असते?' असे विचारताच मात्र वाट बंद होते. 'उतारा वाचा व प्रश्नांची उत्तरे लिहा' या शीर्षकाखाली मुलांना वर्षानुवर्षे जे दिले जाते, त्यातला मोठा भाग शब्द जुळवण्याचा सराव असतो आणि त्याला आकलन म्हणणे चूक आहे.

मग आकलन म्हणजे काय, याचे आजवरचे सर्वांत भक्कम उत्तर वॉल्टर किंच आणि टॉइन व्हान डाइक यांनी १९७८ पासूनच्या आपल्या लेखनात दिले. त्यांच्या म्हणण्यानुसार वाचकाच्या मनात मजकुराची एकाच वेळी तीन प्रकारची नोंद होत असते. पहिली नोंद प्रत्यक्ष शब्दांची आणि ती फार लवकर पुसली जाते. दुसरी नोंद वाक्यांतून सांगितलेल्या विधानांची, म्हणजे कोणी काय केले, कशाला काय म्हटले, याची. तिसरी नोंद त्या मजकुरात वर्णन केलेल्या प्रसंगाची असते. वाचक त्यात स्थळ, काळ, माणसे, त्यांचे हेतू आणि घटनांची कारणे यांसह एक प्रसंगचित्र उभे करतो, आणि त्याचा बराचसा मालमसाला मजकुरातून न येता वाचकाच्या पूर्वज्ञानातून येतो. आयर्विन पुलाची सूचना वाचून ज्याला कऱ्हाडहून खाली येणारे पाणी दिसू लागते त्याचे प्रसंगचित्र तयार झालेले असते. ज्याला '४० फूट' एवढेच आठवते तो दुसऱ्या पायरीवर थांबलेला असतो. निरर्थक वाक्याचे प्रश्न सोडवणारा विद्यार्थीही याच पायरीवर असतो.

हे प्रसंगचित्र उभे करण्याचे काम क्षणाक्षणाला आणि बहुतेक नकळत चाललेले असते. 'सुमनने रेखाला पुस्तक परत दिले, कारण तिचे ते वाचून झाले होते' आणि 'सुमनने रेखाला पुस्तक परत दिले, कारण ते तिचे होते' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्या वाक्यातील 'तिचे' सुमनकडे जाते, दुसऱ्यातील रेखाकडे; व्याकरणात तसे सांगणारे काहीच नाही. उसने घेतलेले पुस्तक वाचून झाल्यावर त्याच्या मालकाला परत करायचे असते, हे व्यवहारज्ञान तो निर्णय करते. 'नदीचे पाणी चढू लागले. सांगलीवाडीतील लोकांनी रात्रीच घरे सोडली.' या दोन वाक्यांत 'म्हणून' कुठेही नाही, तरी प्रत्येक जाणता वाचक तो मनात घालतोच. न सांगितलेले असे जोडून घेण्याला मानसशास्त्रात अनुमान म्हणतात. जेन ओकहिल आणि केट केन यांनी इंग्लंडमधील शाळकरी मुलांवर केलेल्या दीर्घ संशोधनात असे दिसले की शब्द व्यवस्थित वाचूनही ज्यांना मजकूर कळत नाही, अशी मुले मुख्यतः अनुमानाच्या जागी अडतात. ती मठ्ठ नसतात आणि आळशीही नसतात. वाक्ये सुटी सुटी वाचायची असतात असाच त्यांचा समज झालेला असतो.

वाचनाचा वेग या सगळ्यात निरुपयोगी आहे, असा मात्र याचा अर्थ नाही. वाचताना डोळे ओळीवरून सरळ सरकत नाहीत, ते उड्या घेतात आणि प्रत्येक उडीनंतर सुमारे पाव सेकंद थांबतात. अक्षरे टिपली जातात ती त्या थांब्यांतच. जे वाचले ते पुढच्या शब्दापर्यंत धरून ठेवण्याचे काम क्रियाशील स्मृती करते. माहिती तात्पुरती सांभाळणारी आणि तिच्यावर त्याच वेळी काम करणारी ही स्मृती फार तोकडी असते. मेरिडिथ डेनमन आणि पॅट्रिशिया कार्पेंटर यांनी १९८० साली दाखवले की वाचता वाचता किती शब्द ध्यानात राहतात यावरून वाचकाच्या आकलनाचा बराच अंदाज बांधता येतो. जे मूल 'ध... धर... धरणा... धरणातून' असे वाचते त्याची सगळी क्रियाशील स्मृती अक्षरे जुळवण्यातच संपते, आणि मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येत असल्यामुळे तिथे पोचेपर्यंत कर्ता कोण होता हे त्याला आठवत नाही. निपुण भारत या २०२१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत असे उद्दिष्ट ठेवले आहे, ते याच कारणासाठी रास्त आहे. या वाक्यातील 'अर्थासह' हा शब्द मात्र घड्याळाने मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते प्रत्यक्ष तपासणीत मागे पडते.

पूर्वज्ञानाचा वाटा किती मोठा असतो हे दाखवणारा एक प्रसिद्ध प्रयोग जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी १९७२ साली केला. रोजच्याच एका घरगुती कामाचे वर्णन, कामाचे नाव न सांगता, त्यांनी लोकांना ऐकवले. शब्द सगळे सोपे होते, पण ऐकणाऱ्यांना काही बोध होईना. ज्यांना आधीच 'हे कपडे धुण्याविषयी आहे' असे सांगितले होते त्यांना ते कळले आणि सुमारे दुपटीने आठवलेही. ज्यांना ते नाव नंतर सांगितले त्यांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही. याच धर्तीचा एक उतारा सांगली जिल्ह्यातील व्यवहारावरून रचता येतो.

'काढणी झाल्यावर माल आधी द्रावणात बुडवून घ्यावा. किती वेळ, हे अनुभवाने कळते. कमी वेळ बुडवला तर पुढचे काम लांबते, जास्त वेळ बुडवला तर रंग बिघडतो. मग तो जाळ्यांवर पातळ पसरावा. इथे उन्हापेक्षा वाऱ्याचे महत्त्व अधिक. मधूनमधून पुन्हा फवारणी करावी. दोनेक आठवड्यांत वजन चौथाईवर येते आणि ते यायलाच हवे. शेवटी झाडून, काड्या वेगळ्या करून रंगाप्रमाणे वाटे करावेत. या दिवसांत पाऊस झाला तर केलेले सगळे वाया जाते.'

तासगाव किंवा कवठेमहांकाळकडील शेतकऱ्याच्या घरातील मुलाला दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचण्याआधीच कळते की हे बेदाण्याचे शेड आहे. डिपिंगचे पाणी, रॅकवरची जाळी, चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर होणारा माल आणि फेब्रुवारी-मार्चमधील अवकाळी पावसाची धास्ती हे सारे त्याच्यासमोर उभे राहते, आणि 'वजन चौथाईवर यायलाच हवे' या वाक्यात त्याला काही विचित्र वाटत नाही. वाचनात त्याच्याहून कितीतरी सरस असलेला मुंबईचा विद्यार्थी याच वाक्याशी अडखळतो, कारण विकायच्या मालाचे वजन घटलेच पाहिजे ही गोष्ट त्याच्या अनुभवाच्या विरुद्ध आहे. डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली अमेरिकेतील ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले, तेव्हा नेमके हेच दिसले होते : वाचनात कच्ची पण खेळाची जाण असलेली मुले, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. 'वाचनात कच्चा' हा शिक्का मुलावर मारण्यापूर्वी मजकूर कशाविषयी होता हे विचारणे, या निष्कर्षानंतर, शिक्षकाचे कर्तव्यच ठरते.

पूर्वज्ञान चुकीच्या दिशेनेही नेऊ शकते, आणि याचा पुरावा देणाऱ्या अभ्यासाचा भारताशी थेट संबंध आहे. मार्गारेट स्टेफनसन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांना आणि अमेरिकनांना दोन पत्रे वाचायला दिली होती, एकात भारतीय लग्नाचे वर्णन होते आणि दुसऱ्यात अमेरिकन लग्नाचे. प्रत्येक गटाने आपल्याकडील लग्नाचे पत्र अधिक वेगाने वाचले आणि त्यातले अधिक लक्षात ठेवले. चुकांचे स्वरूप तर त्याहून बोलके आहे. वधूने आजीचा लग्नातला पोशाख घातला होता, हे अमेरिकनांना घराण्याच्या अभिमानाचे लक्षण वाटले, तर एका भारतीय वाचकाला तो पोशाख जुनाट, फॅशन गेलेला वाटला. उलट भारतीय पत्रातील देण्याघेण्याचा ताण अमेरिकन वाचकांच्या आठवणीत भेटवस्तूंच्या देवाणघेवाणीत बदलून गेला. इंग्रजी सगळ्यांना उत्तम येत होते. वाचताना प्रत्येकाने आपल्या घरचे लग्न पत्रात घातले होते.

सातारा जिल्ह्यात या प्रश्नावर प्रत्यक्ष वर्गात झालेले काम शोधायचे तर फलटणला जावे लागते. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात फलटणला आल्या, तिथल्या बोलीतील सामाजिक भेदांवर त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी १९७३ साली प्रबंध लिहिला आणि पुढे भारताचे नागरिकत्वही घेतले. दलित वस्तीतील मुलांसाठी घेतलेल्या अनौपचारिक वर्गांतून त्यांच्या शैक्षणिक कामाची सुरुवात झाली. त्यातून प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. परकी म्हणून आलेल्या या बाईंनी मराठी मुलांच्या वाचनाचा जेवढा बारकाईने विचार केला तेवढा आपल्याकडील मोठमोठ्या शिक्षणसंस्थांनीही क्वचित केला असेल.

फलटणच्या कामातील मुख्य सूत्र असे की लिपी शिकवताना अर्थ एका दिवसासाठीही बाजूला ठेवायचा नाही. पारंपरिक पद्धतीत आधी संपूर्ण मुळाक्षरे, मग संपूर्ण बाराखडी आणि त्यानंतर शब्द असा क्रम असतो, त्यामुळे कित्येक महिने मुलाच्या तोंडी केवळ ध्वनी असतात आणि वाचन म्हणजे अर्थहीन आवाज काढणे अशी त्याची समजूत पक्की होते. त्याऐवजी मोजकी व्यंजने आणि एखाददुसरे स्वरचिन्ह एकत्र घेऊन अक्षरांचे लहान गट केले, तर पहिल्या काही दिवसांतच मूल खरे शब्द वाचू लागते. उदाहरणार्थ म, ल, क, र आणि काना एवढ्यावर 'मामा', 'काका', 'काम', 'मला', 'कमाल', 'कर' असे शब्द तयार होतात आणि 'मामा, काम कर' असे एक सबंध वाक्यही. मूल ते वाचून हसते, आणि ते हसणे हाच त्याला अर्थ कळल्याचा पुरावा असतो.

दुसरा मुद्दा बोलीचा, आणि तो गफ-टनमर यांच्या सूत्रातील दुसऱ्या क्षमतेला थेट भिडतो. 'कुठं गेलतास' असे रोज बोलणाऱ्या मुलासमोर पुस्तकात 'तू कोठे गेला होतास' असे येते, तेव्हा त्याला भाषा येत नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याला भाषा येते, त्या भाषेचे हे लेखी रूप त्याने अजून ऐकलेले नाही. शिवाय लेखी मराठीतील 'तथापि', 'अन्यथा', 'जरी-तरी', 'परिणामी' हे शब्द घरच्या बोलण्यात फारसे येत नाहीत, आणि विधानांचा परस्परसंबंध नेमका त्याच शब्दांत दडलेला असतो. यावर उपाय म्हणून बोली पुसून टाकण्याची घाई केली तर मुलाजवळ असलेले एकमेव भांडवल जाते. मुलाने घरच्या बोलीत सांगितलेले आधी त्याच बोलीत लिहून घ्यावे, तेच त्याला वाचायला द्यावे आणि त्याबरोबर रोज पुस्तकी मराठीतील गोष्टी मोठ्याने वाचून दाखवाव्यात, हा मार्ग मानसशास्त्राच्या सर्व निष्कर्षांशी जुळतो. वाचून दाखवणे ही गोष्ट फार क्षुल्लक मानली जाते. वास्तविक लिपी पक्की होण्याआधीच्या काळात लेखी भाषा कानांवाटे मुलापर्यंत पोचवण्याचा दुसरा मार्ग नाही.

महाराष्ट्रात हे अजून अपवादानेच घडते. पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथील मुलांचा पहिलीपासून तिसरीपर्यंत मागोवा घेणाऱ्या एका मोठ्या संशोधन प्रकल्पात, वर्गातला बहुतेक वेळ अक्षरे गिरवण्यात आणि नकलून काढण्यात जातो, अर्थावरची चर्चा जवळजवळ होत नाही, असेच आढळले. साताऱ्याजवळील कुमठे बीटमधील जिल्हा परिषदेच्या शाळांनी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली वेगळी वाट धरली होती. ज्ञान बाहेरून ओतता येत नाही, ते मूल स्वतः रचते, या ज्ञानरचनावादी भूमिकेवर त्यांनी वर्ग उभे केले, आणि २०१५ मध्ये शासनाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम जाहीर केला त्या सुमारास राज्यभरातून शिक्षक तिथे पाहायला येत होते. किंच यांचे प्रसंगचित्र आणि कुमठ्याचा ज्ञानरचनावाद यांचा गाभा एकच आहे. दुर्दैवाने पाहून गेलेल्या अनेकांनी तिथल्या वर्गांत जमिनीवर रंगवलेल्या आकृत्यांची नक्कल केली आणि त्यांवर मुलांशी होणारे बोलणे मात्र तिथेच राहिले.

पुस्तके उपलब्ध असणे हीदेखील आवश्यक गोष्ट आहे. महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यालगतचे भिलार ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचे गाव' झाले, तेव्हा वेल्समधील हे-ऑन-वाय या गावाचा आदर्श समोर होता आणि स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या गावाने घराघरांतून पुस्तकांसाठी जागा करून दिली. ज्यांना वाचता येते ते अधिक वाचतात, त्यामुळे त्यांचे शब्द आणि ज्ञान वाढते, त्यामुळे पुढचे वाचन आणखी सोपे होते, आणि मागे पडलेले आणखी मागे पडतात, असे कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली दाखवले होते. म्हणून पुस्तक जवळ असण्याचा सर्वांत मोठा लाभ आधीच वाचणाऱ्याला होतो; न वाचणाऱ्याला पुस्तकाबरोबर माणूसही लागतो.

त्या माणसाने काय करावे, याचेही उत्तर संशोधनात आहे. एलन मार्कमन यांनी १९७० च्या दशकात मुलांना उघड विसंगती असलेले उतारे ऐकवले, तेव्हा कित्येक मोठ्या मुलांनाही त्यांत काही खटकले नाही. आपल्याला कळलेले नाही, हेच न कळणे, ही न समजता वाचणाऱ्याची खरी अडचण असते. ॲनमरी पॅलिंक्सार आणि ॲन ब्राउन यांनी १९८४ साली यावर एक पद्धत आखली : मुलांनी लहान गटात उतारा वाचायचा, त्याचा सारांश आपल्या शब्दांत सांगायचा, एकमेकांना प्रश्न विचारायचे, जिथे अडले ती जागा उघड करायची आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा, आणि हे काम शिक्षकाने हळूहळू मुलांच्याच हाती सोपवायचे. काही आठवड्यांतच मागे असलेल्या मुलांच्या आकलनात स्पष्ट फरक पडला. याला पैसा लागत नाही, साहित्यही लागत नाही. वर्गात मुलांच्या बोलण्याचा आवाज वाढेल, तेवढा सहन करण्याची तयारी लागते.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील, किंबहुना राज्यभरातील, शिक्षकांनी, केंद्रप्रमुखांनी आणि पालकांनी यातली किमान एक गोष्ट येत्या सत्रापासून करावी. मुलाने मिनिटाला किती शब्द वाचले हा आकडा नोंदवून झाल्यावर त्याला त्याच मजकुरावर 'असे का झाले असेल?' हा एक प्रश्न विचारावा, उत्तर घरच्या बोलीत देण्याची मोकळीक ठेवावी, आणि ते उत्तर त्या आकड्याच्या शेजारी जसेच्या तसे लिहून ठेवावे.